माळ्यावरचा खारीचा वाटा

एखाद्याने मोठ्या कामाला लहानसा हातभार लावला, की मराठीत त्याला ‘खारीचा वाटा’ म्हणतात. सेतू बांधला जात असताना खार वाळूत लोळली, अंगाला चिकटलेली वाळू दगडांच्या फटींत झटकत राहिली आणि रामाने तिच्या पाठीवरून बोटे फिरवली, म्हणून तिच्या पाठीवर पट्टे उमटले, ही कथा आपण सगळेच ऐकत मोठे झालो. वाल्मीकी रामायणात ती नाही. ती नंतरच्या, देशी भाषांतल्या परंपरेतली आहे. तमिळ आळ्वारांपैकी तोंडरडिप्पोडि यांच्या ‘तिरुमालै’ या स्तोत्रात सेतूला मदत करणाऱ्या खारींचा उल्लेख येतो, म्हणजे किमान हजार-बाराशे वर्षे ही खार आपल्या भक्तिपरंपरेत वावरते आहे.

या लेखात मला त्या वाक्प्रचाराची दुसरी बाजू तपासायची आहे. आपल्या कामात खारीचा वाटा असतो हे आपण मान्य केले. आपल्या घरात तिचा वाटा किती? निजामपुऱ्यात हा प्रश्न अलंकारिक राहिलेला नाही. भिवंडीच्या महानगरपालिकेच्या नावातच ज्याचे नाव जोडलेले आहे असा हा जुना भाग. यंत्रमागांच्या खडखडाटात, नव्या इमारतींच्या मधोमध इथे अजून काही कौलारू घरे तग धरून आहेत. या घरांच्या आढ्या-वाशांच्या नोंदी करीत मी काही वर्षे गल्लीबोळांतून फिरतो आहे. लाकडाचे वय, कौलांवरचे छाप, कोरीव खांब यांविषयी विचारायला जावे, तर घरचे लोक मलाच विचारतात, ‘माळ्यावर खारी शिरल्यात, काय करायचं?’ त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जे वाचले, जे पाहिले, ते इथे मांडतो.

ही खार कोणती?

आपल्या अंगणातली खार म्हणजे एकच प्राणी नव्हे. महाराष्ट्रात दोन जाती सहज दिसतात. पाठीवर तीन फिकट पट्टे असलेली ती तीनपट्टी खार. तिला लिनिअसने १७६६ मध्ये शास्त्रीय नाव दिले. दुसरी पाचपट्टी. तिला पाठीवरच्या तीन पट्ट्यांखेरीज दोन्ही कुशींवर एकेक फिकट रेघ असते. या दुसरीचे वर्णन १९०५ मध्ये रॉबर्ट रॉटन यांनी केले. ते मुंबई इलाख्याच्या जंगल खात्यातले अधिकारी आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कामाशी जोडलेले अभ्यासक. त्यांनी आधारासाठी घेतलेला नमुना सुरत जिल्ह्यातल्या मांडवीचा, म्हणजे भिवंडीपासून एका दिवसाच्या प्रवासाच्या अंतरावरचा होता. दोन्ही जातींच्या कुळाचे लॅटिन नाव ‘फुनांबुलस’, अर्थ दोरीवरून चालणारा. विजेच्या तारेवरून पळणारी खार ज्याने पाहिली आहे, त्याला या नावाचे कौतुक वाटेल.

एस. एच. प्रेटर यांच्या भारतीय सस्तन प्राण्यांवरील १९४८ च्या प्रसिद्ध पुस्तकात या दोघींच्या स्वभावातला फरक सांगितला आहे: तीनपट्टी अधिक रानवट, तर पाचपट्टी माणसाच्या वस्तीला चिकटून राहणारी. निजामपुऱ्यात मी जवळून पाहिलेल्या बहुतेक खारी पाचपट्टी होत्या. रामाच्या तीन बोटांच्या हिशेबात दोन रेघा जास्तच भरतात, पण लोककथेला असा हिशेब विचारू नये.

आमच्या भागात खारीला आणखी एक नाव आहे, ते म्हणजे ‘गिलहरी’. इथल्या उर्दू बोलणाऱ्या घरांतून ही गिलहरी पाठ्यपुस्तकांतूनही आलेली असते. इक्बाल यांच्या ‘बांग-ए-दरा’ (१९२४) या संग्रहात डोंगर आणि खार यांच्या वादाची एक बालकविता आहे. अमेरिकन कवी इमर्सन यांच्या कवितेवरून ती घेतल्याचे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे. म्हणजे एकाच गल्लीत एका घरी सेतू बांधणारी खार आणि शेजारच्या घरी डोंगराला उत्तर देणारी गिलहरी, अशा दोघी नांदतात. माळ्यावर चढून पाहावे, तर प्राणी एकच.

माळ्यावर ती का येते?

खारीला मुळात झाड हवे असते. शेंड्याकडच्या बेचक्यात, पोकळीत किंवा झावळ्यांच्या खोबणीत ती गवत, काथ्या, कापूस असे मऊ साहित्य कोंबून गोळ्यासारखे घरटे करते. वस्तीतले झाड गेले, की तिला तितक्याच उंचीवरची, कोरडी आणि मांजरापासून दूर असलेली जागा हवी. कौलारू घराचा माळा या तिन्ही अटी पुऱ्या करतो.

मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला काढला आणि पुढे ही चपटी, खाचेत खाच बसणारी कौले पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पसरली. त्याआधीच्या नळीच्या कौलांपेक्षा ती घट्ट बसतात, पण छप्पर कधीच हवाबंद होत नाही. तशी त्याची अपेक्षाही नसते; खालची गरम हवा कौलांच्या फटींतून बाहेर जावी, हीच तर कौलारू घराची खुबी. भिंतीच्या माथ्यावर वासे टेकतात तिथे दोन वाशांच्या मध्ये मोकळी जागा राहते. वळचणीखालची ही जागा म्हणजे खारीचा दरवाजा. अंगाने शंभर ग्रॅमच्या आसपास असलेल्या या प्राण्याला दीड इंचाची फट पुरते.

पूर्वी दर वर्षी पावसाळ्याआधी घर शाकारले जाई. कौले उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची, रिपा तपासायच्या आणि पुन्हा चढवायची. माळ्याची पाहणी या कामात आपोआप होई. आता शाकारणीचे कसबी गडी मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही, आणि ‘आज ना उद्या इमारतच होणार’ या विचाराने घरमालकही हात आखडता घेतो. निसटलेले कौल निसटलेलेच राहते. खार माळ्यावर आली, याचा एक अर्थ असा, की त्या माळ्यावर माणूस बरेच दिवस गेलेला नाही.

निजामपुऱ्यातल्या खारीच्या घरट्याचे साहित्यही भिवंडीचेच असते. मी उघडून पाहिलेल्या रिकाम्या घरट्यांत नारळाचा काथ्या होता, गोणपाटाचे धागे होते, पण निम्म्याहून अधिक भाग सुताच्या गुंत्याचा होता. यंत्रमागाच्या कारखान्याबाहेर पडलेले रंगीत सूत खार तोंडात कोंबून नेते. दिसायला ते घरटे फार सुंदर असते. त्यात धोका असा, की सिंथेटिक धागा कुजत नाही आणि तुटत नाही. एका घरट्यातून खाली पडलेल्या पिल्लाच्या मागच्या पायाला असा धागा इतका आवळला होता, की पाय सुजून काळा पडू लागला होता. नखे काढायच्या कात्रीने तो कापावा लागला.

दात आणि तारा

खारीला हाकलण्याची गरजच काय, असे निसर्गप्रेमी विचारतात. गरज आहे, आणि तिचे कारण खारीच्या तोंडात आहे. ती कृंतक, म्हणजे उंदराच्याच गणातली. या गणातल्या प्राण्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजवत ठेवले नाहीत, तर त्याला खाणेही अशक्य होईल. त्यामुळे कुरतडणे ही तिची खोड नाही, निकड आहे. लाकूड, काथ्या, प्लॅस्टिक, शिशाची पातळ नळी, जे दातांखाली येईल ते ती कुरतडते. माळ्यावर तिच्या दातांखाली सर्वांत सहज येते ती विजेची तार.

अमेरिकेत डिसेंबर १९८७ मध्ये एका खारीमुळे वीज खंडित होऊन नॅसडॅक या शेअर बाजाराची संगणक यंत्रणा ८२ मिनिटे बंद पडली होती. १९९४ मध्ये पुन्हा एका खारीने तोच पराक्रम केला. ही गोष्ट हसून सांगितली जाते. कौलारू घरात तिच्यावर हसता येत नाही. जुन्या घरांतले वायरिंग बहुधा लाकडी पट्टीवरून उघडे नेलेले असते. वरचे आवरण कुरतडले गेले, की आतली तांब्याची तार सागाच्या कोरड्या वाशाला टेकते आणि शेजारीच सुताने भरलेले घरटे असते. ठिणगी आणि कापूस यांना जवळजवळ ठेवू नये, हे भिवंडीतल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

आधी ओळख, मग उपाय

वर खुडबुड झाली म्हणजे खारच असेल, असे नाही. ओळखीची सर्वांत सोपी खूण वेळेची आहे. खार दिवसाचा प्राणी आहे. उजाडताना, सकाळी आणि संध्याकाळी उन्हे कलताना तिची धावपळ ऐकू येते. अंधार पडला की ती गप्प होते. रात्री दहानंतर माळ्यावर पावले वाजत असतील, तर तो उंदीर, घूस किंवा मांजर समजावे. वटवाघळे असतील, तर तिन्हीसांजेला ती बाहेर पडताना दिसतात.

ही ओळख केवळ कुतूहलापोटी करायची नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या जुन्या रचनेत उंदीर-घुशी पाचव्या अनुसूचीत, म्हणजे उपद्रवी प्राण्यांत होत्या. पाचपट्टी खार मात्र चौथ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांत होती. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची मांडणी बदलली आणि ती जुनी पाचवी अनुसूची राहिली नाही. पण या कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या पहिल्यापासून मोठी आहे. मारण्याबरोबर विष घालणे, पकडणे आणि सापळा लावणे हेही तिच्यात येते. म्हणून खारीला पिंजरा लावण्याआधी वनविभागाला विचारावे. महाराष्ट्र वनविभागाची १९२६ या क्रमांकाची निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे.

जे करू नये

पहिला लोकप्रिय उपाय विषाचा. उंदरांसाठीच्या औषधांत झिंक फॉस्फाइड असते. ते पोटात गेल्यावर तिथल्या आम्लाने फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो. कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली, तरी विष खाल्लेली खार सांगितलेल्या जागी मरत नाही. ती तक्तपोशी आणि कौले यांच्या मधल्या सांदीत मरते आणि पुढे पंधरा दिवस घरात बसवत नाही. तिची पिल्ले असतील, तर ती उपाशी मरून त्या दुर्गंधीत भर घालतात. फट तशीच उघडी असल्याने काही दिवसांनी दुसरी खार येते.

दुसरा उपाय चिकट पाटीचा. तिच्यावर अडकलेला प्राणी तासन्‌तास जिवंत तडफडतो. भारतीय पशुकल्याण मंडळाने अशा सापळ्यांविरुद्ध राज्यांना लिहिलेले आहे.

तिसरा उपाय दयाळू माणसांना आवडणारा: पिंजऱ्यात पकडून लांब रानात सोडणे. याबद्दल अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातला एक अभ्यास वाचण्यासारखा आहे. २००४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. वस्तीतून पकडलेल्या ३८ करड्या खारी जंगलात सोडून त्यांचा माग ठेवला गेला. ८८ दिवसांत त्यांपैकी ९७ टक्के मेल्या किंवा त्या भागातून नाहीशा झाल्या. अनोळखी रानात कुठे खायला मिळते, कुठे लपायचे, हे त्यांना ठाऊक नसते आणि तिथल्या खारी त्यांना जागा देत नाहीत. ती करडी खार आपल्या खारीहून बरीच मोठी. पण हा नियम आपल्या खारीला लागू पडणार नाही असे मानायला मला कारण दिसत नाही. आपण तिला माहुलीच्या रानात सोडून समाधानाने घरी येतो, तेव्हा तिचे मरण फक्त आपल्या नजरेआड गेलेले असते. पिल्ले तर माळ्यावरच राहिलेली असतात.

मिरचीची धुरी, डांबराच्या गोळ्या, कर्णातीत आवाजाची यंत्रे यांनी दोन-चार दिवस फरक पडतो आणि मग खारीला त्यांची सवय होते. धुरीने आग लागण्याची भीती वेगळीच.

जे करावे

उपायाचे तत्त्व साधे आहे: खारीला काढायचे नाही, तिला स्वतःहून बाहेर जाऊ द्यायचे आणि परत येऊ द्यायचे नाही. त्याच्या पायऱ्या मी एका घराच्या आधाराने सांगतो.

आमच्याच भागातले हे घर. त्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईंना सगळी गल्ली खाला म्हणते. ऑगस्ट महिन्यात त्यांच्या माळ्यावर खार येऊ-जाऊ लागली आणि स्वयंपाकघरातला दिवा मधूनच फडफडू लागला. औषध घालणारा माणूस येऊन भाव सांगून गेला होता. मुलगा विष घालायला तयार होता. खालाचे म्हणणे एवढेच होते, ‘बच्चे असतील तर नको रे. घरात बच्चे मारायचे नाहीत.’ दोघांचेही बरोबर होते. मुलाला आगीची भीती होती आणि ती खरी होती.

हा पेच सुटला तो वायरमनमुळे. माळ्यावरून जाणारी विजेची फेरी त्याने मुख्य फळीवरच तोडली आणि स्वयंपाकघराला खालून तात्पुरती लाइन दिली. माळ्यावर वीजच राहिली नाही, तेव्हा घाईचे कारणही राहिले नाही. नंतर त्याने तपासले, तर तीन ठिकाणी आवरण गेलेले होते आणि एका जागी वासा काळवंडला होता. माझ्या मते हीच पहिली पायरी. खार हाकलण्याआधी वीज बंद करावी.

दुसरी पायरी पाहण्याची. दोन दिवस सकाळी अंगणात बसून खार कुठून आत जाते आणि कुठून बाहेर येते, ते टिपले. तीन फटी निघाल्या. पैकी वापरातली कोणती, हे ओळखायला प्रत्येकीत वर्तमानपत्राचा सैल बोळा कोंबला. एक बोळा दुपारपर्यंत बाहेर फेकला गेला. दोन जागच्या जागी राहिले.

तिसरी पायरी पिल्लांची. खारीला एका वेळी साधारण दोन ते चार पिल्ले होतात. ती जन्मतः आंधळी आणि केसांविना असतात आणि आईचे दूध सुटून स्वतःच्या पायांनी हिंडू लागायला दोन महिन्यांच्या आसपास लागतात. त्या काळात फट बुजवली, तर आत पिल्ले मरतात आणि बाहेर अडकलेली आई कौले, रिपा, जे मिळेल ते कुरतडून आत घुसायला पाहते. म्हणून थांबायचे. खालाच्या माळ्यावर बारीक चिवचिव ऐकू येत होती. सहा आठवड्यांनी तीन पिल्ले आईमागे वळचणीवर आली, तेव्हा थांबणे संपले. घाईच असेल, तर दिवसा माळ्यावर उजेड ठेवावा, बॅटरीवरचा रेडिओ लावून ठेवावा. अशी गडबड झाली, की खार पुष्कळदा पिल्ले एकेक करून तोंडात धरून दुसऱ्या घरट्यात नेते. खाली पडलेले पिल्लू सापडले, तर त्याला गाईचे दूध पाजू नये. फडक्याच्या उबेत, उघड्या खोक्यात, घरट्याजवळ उंचावर ठेवावे आणि आईला येऊ द्यावे.

चौथी पायरी दाराची. न वापरातल्या फटी अर्ध्या इंचाहून बारीक छिद्रांच्या जाड जीआय जाळीने बंद केल्या. सिमेंट किंवा लाकडाच्या तुकड्यापेक्षा जाळी बरी, कारण तिच्यातून हवा खेळते आणि ती कुरतडता येत नाही. वापरातल्या फटीवर त्याच जाळीचे एक झाकण वरच्या कडेला बिजागरीने टांगले. ते फक्त बाहेरच्या बाजूला उघडे. पहिले तीन दिवस ते दोरीने वर बांधून ठेवले, म्हणजे खारीला त्याची भीती राहिली नाही. मग सोडले. सकाळी खार ढकलून बाहेर गेली. परतताना झाकण तिला आत घेईना. पुन्हा कागदाचा बोळा ठेवला. चार कोरड्या दिवसांत तो हलला नाही, तेव्हा ती फटही कायमची बंद केली.

शेवटची पायरी आवरण्याची. घरटे काढले, लेंड्या पाणी शिंपडून, तोंडाला फडके बांधून गोळा केल्या, वायरिंग लोखंडी नळीतून नव्याने ओढले. कौलांना टेकलेली शेवग्याची फांदी छाटली. अमेरिकेत करड्या खारीसाठी झाड आणि छप्पर यांत सहा ते आठ फुटांचे अंतर ठेवायला सांगतात. आपल्या लहान खारीला तेवढे पुरून उरते. शेवगा मात्र तोडला नाही. झाडच तोडले, तर खार पुन्हा छपराकडेच येणार.

कुठली आपली, कुठली परकी

एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हीच आपली खार १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून मोकळी झाली आणि तिथे ती आजही परकी, नको असलेली पाहुणी समजली जाते. अमेरिकेची करडी खार १८७६ पासून इंग्लंडात सोडली गेली आणि तिथल्या तांबड्या खारीचा ठाव गेला. आता पकडलेली करडी खार पुन्हा सोडणे तिथे बेकायदा आहे. तिथले उपाय वाचून इथे उचलताना हा फरक विसरता कामा नये. निजामपुऱ्यातली खार कुणी आणून सोडलेली नाही. इथे मागाचा पहिला खटका वाजण्याच्या कितीतरी आधीपासून ती या झाडांवर आहे. तिचे झाड गेले आणि तिथे आपले घर आले.

दिवाळीच्या तोंडावर हा विषय मांडण्यामागे हेतू आहे. वर्षात एकदा आपण माळा झाडतो तो याच दिवसांत, आणि पावसाळ्यात जन्मलेली उशिराची पिल्ले याच दिवसांत घरट्यात असू शकतात. पाचपट्टी खारीची वीण मुख्यतः उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून पावसाळ्याच्या अखेरीपर्यंत चालते, म्हणून फटी बुजवायला दिवाळीनंतरचे थंडीचे महिने सर्वांत बरे. तोपर्यंत माळ्यावर झाडू घेऊन चढणाऱ्याने अडगळीतला सुताचा गोळा फेकण्याआधी त्याला हलकेच हात लावून पाहावे. तो गरम लागला, तर माळ्याचा तेवढा कोपरा यंदा न झाडलेलाच बरा. माळ्यावरची वीज मात्र त्याच दिवशी बंद करावी.